दहावी-अकरावीत गणिताचा कोणता पर्याय घ्यावा? इंजिनिअरिंगचा विचार असणाऱ्या घरांसाठी

गणेशोत्सवात आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या पाच-दहा मिनिटांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "आमच्या चिरंजीवांचं गणित बेसिक भरू की स्टँडर्ड?" विचारण्याची वेळही बरोबर तीच असते, कारण सीबीएसईच्या शाळा दहावीच्या परीक्षार्थींची यादी साधारण याच सुमारास बोर्डाकडे पाठवतात. मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की दुसरा प्रश्न येतो : अकरावीत साधं गणित की अप्लाइड? दोन्ही प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तर देणं बरं नाही. मल्हारगंज, रामबाग, बडा गणपती या भागांतल्या आपल्या सभासदांच्या घरी दरवर्षी ही वेळ येते. म्हणून आमच्यापैकी शिकवणाऱ्या आणि इंजिनिअरिंगमध्ये आयुष्य काढलेल्या काही जणांनी बसून हे टिपण केलं आहे. जपून ठेवा, धाकट्यालाही उपयोगी पडेल.

दहावी : बेसिक आणि स्टँडर्ड

२०२० च्या परीक्षेपासून सीबीएसईने दहावीच्या गणिताचे दोन पेपर केले. स्टँडर्डचा कोड ०४१, बेसिकचा २४१. वर्षभराचा अभ्यासक्रम एकच, पुस्तक एकच, वर्गही एकच, आणि शाळेकडच्या २० गुणांचं मूल्यमापनही एकच. फरक पडतो तो बोर्डाच्या ८० गुणांच्या पेपरात. बेसिकचे प्रश्न सोपे असतात. बेसिक घेतलं म्हणून एकही धडा कमी होत नाही. बऱ्याच घरांत समज नेमका उलटा असतो, म्हणून हे आधी सांगितलं.

मूळ नियम असा, की बेसिक देऊन पास झालेल्याला अकरावीत नेहमीचं गणित घेता येत नाही, अप्लाइड मॅथेमॅटिक्स घेता येतं. कोविडच्या वर्षी बोर्डाने यात सवलत दिली आणि पुढेही काही सत्रं ती वाढवत नेली. त्यामुळे "बेसिक घ्या हो, काही अडत नाही" असं सांगणारे भेटतात. त्यांच्या मुलाच्या वर्षी नसेल अडलं. पण सवलत त्या त्या सत्रापुरती असते, आणि मुलाला पुढचं गणित झेपेल का हे पाहण्याची जबाबदारी त्यात मुख्याध्यापकांवर असते. शेजारच्यांच्या अनुभवावर जाऊ नका. शाळेच्या ऑफिसात चालू सत्राचं परिपत्रक मागून स्वतः वाचा.

आमचं मत स्पष्ट आहे. घरात इंजिनिअरिंगचं नाव एकदा जरी निघालं असेल, तर स्टँडर्ड भरा. दहा-बारा गुण कमी पडले तरी चालेल, दहावीचे टक्के इंजिनिअरिंगच्या प्रवेशात कोणी मोजत नाही. मूल खरोखरच नापास होण्याच्या भीतीने झोपत नसेल, तर मात्र बेसिक घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. नंतर मन बदललं तर पुरवणी परीक्षेत स्टँडर्डचा पेपर देण्याची वाट बोर्डाने २०१९ मध्ये ही योजना जाहीर करतानाच ठेवली होती. स्टँडर्डमध्ये नापास झालेल्यालाही पुरवणीत बेसिक देता येतं.

अकरावी : एका नावाची दोन गणितं

खरा घोळ इथे आहे, आणि तो थोडा सविस्तर सांगणं भाग आहे.

२०२०-२१ पासून सीबीएसईच्या अकरावीत दोन गणितं आहेत : मॅथेमॅटिक्स (०४१) आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स (२४१). दोन्ही एकदम घेता येत नाहीत. आणि गंमत बघा, दहावीच्या बेसिकचा कोडही २४१ आणि बारावीच्या अप्लाइडचाही २४१! दोन्ही वेगळे विषय आहेत.

अप्लाइड हे मुख्यतः कॉमर्स, अर्थशास्त्र, व्यवस्थापन, सामाजिक शास्त्रं यांकडे जाणाऱ्यांसाठी आखलेलं आहे. बारावीच्या ८० गुणांत त्यात आर्थिक गणिताला १५ गुण आहेत : कर्जाचे हप्ते, घसारा, गुंतवणुकीवरचा परतावा वगैरे. संख्याशास्त्राचे निरनिराळे भाग आहेत, लिनिअर प्रोग्रॅमिंग आहे. कॅल्क्युलसही आहे, पण १५ गुणांचं. व्हेक्टर नाहीत, त्रिमितीय भूमिती नाही. उत्तम विषय आहे. आमच्यातल्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या सभासदांनी तर पुस्तक चाळून "हे आम्हाला का नव्हतं?" असं विचारलं.

०४१ मध्ये बारावीच्या ८० गुणांची वाटणी पाहा. कॅल्क्युलस ३५. व्हेक्टर आणि त्रिमितीय भूमिती १४. मॅट्रिक्स आणि डिटर्मिनंट १०. रिलेशन्स-फंक्शन्स ८, संभाव्यता ८, लिनिअर प्रोग्रॅमिंग ५. जवळजवळ निम्मा पेपर एकट्या कॅल्क्युलसचा. व्हेक्टर आणि भूमिती धरली तर ८० पैकी ४९ गुण अशा भागांचे होतात, जे अप्लाइडमध्ये एकतर बरेच कमी आहेत किंवा मुळीच नाहीत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित नेमकं याच ४९ गुणांवर उभं असतं.

आता सापळा कुठे आहे ते सांगतो. सीबीएसईत विषयांची जोडणी पूर्वीसारखी घट्ट राहिलेली नाही. फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत अप्लाइड मॅथेमॅटिक्स अशी जोडणी कागदावर होऊ शकते. वर्गशिक्षक म्हणतात, अप्लाइडमध्ये गुण चांगले पडतात. मुलाला वाटतं, गणित ते गणित. पालक सही करतात. आपल्याच एका सभासदांच्या कन्येचं असं झालं. शाळेचं नाव घेत नाही. बारावीत जेईईचा फॉर्म भरायला बसल्यावर बापलेकींच्या लक्षात आलं, की क्लासमध्ये जे व्हेक्टर आणि त्रिमितीय भूमिती शिकवतात ते शाळेत येणारच नाही, कारण आपला विषयच दुसरा आहे. मुलगी हुशार होती. अप्लाइडमध्ये ९० च्या वर गुण मिळाले. पण इंजिनिअरिंगच्या पात्रतेत मागितलेला विषय असतो 'गणित', आणि अप्लाइड त्या जागी धरलं जाईल का, याचं खात्रीचं उत्तर त्यांना कुठल्याच खिडकीवर मिळालं नाही. शेवटी तिने एक वर्ष थांबून गणित वेगळा विषय म्हणून दिलं. आज ती इंजिनिअरिंगला आहे, मजेत आहे. पण वर्ष गेलं ते गेलंच, आणि ते गेलं एका चौकोनातल्या टिकमार्कमुळे.

फिजिक्सची अडचण

याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. अकरावीच्या फिजिक्समध्ये पहिल्या दोन-तीन महिन्यांतच सरळ रेषेतली आणि प्रतलातली गती येते. तिथे वेग काढायला डेरिव्हेटिव्ह लागतं आणि बलाची बेरीज करायला व्हेक्टर लागतात. गणिताच्या वर्गात मात्र लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह अकरावीच्या शेवटी शेवटी येतं, तेही ८० पैकी ८ गुणांचं. व्हेक्टर तर बारावीत. म्हणजे ०४१ घेतलेल्या मुलालासुद्धा जुलै-ऑगस्टमध्ये फिजिक्स परकं वाटतं. "आमच्या मुलाला फिजिक्स जमत नाही" म्हणून जे पालक येतात, त्यांतल्या निम्म्यांच्या मुलांची अडचण फिजिक्सची नसून न शिकवलेल्या गणिताची असते, असा आमचा अनुभव आहे. ०४१ वाल्याची ही अडचण वर्षभरात मिटते. अप्लाइडवाल्याची मिटत नाही, कारण व्हेक्टर त्याच्या गणितात कधीच येत नाहीत.

उपाय साधा आहे. दहावीची परीक्षा संपल्यावर अकरावी रंगात येईपर्यंत जे दिवस मिळतात, त्यांत रोज तासभर बसून व्हेक्टरची बेरीज, बिंदुगुणाकार आणि साध्या फंक्शनांचं डिफरन्सिएशन एवढंच करून घ्यावं. घरात आजोबा हिंदी माध्यमातून शिकलेले असतील, तर त्यांना 'सदिश' आणि 'अवकलन' असं विचारा. शब्द कळल्याबरोबर ते वही ओढून घेतील.

अकरावीचं दुसरं दुर्लक्षित प्रकरण म्हणजे कॉम्प्लेक्स नंबर. अकरावीचे गुण बोर्डाच्या निकालात येत नाहीत म्हणून मुलं अकरावी ढिली सोडतात. जेईई मेनमध्ये मात्र अकरावीचंही विचारतात. गणिताचे २५ प्रश्न, ३०० पैकी १०० गुण, आणि त्यांत कॉम्प्लेक्स नंबर, वर्तुळ, परवलय, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन हे सगळं अकरावीचं.

आयएससीच्या मुलांसाठी

आयसीएसई-आयएससीच्या शाळांत निवड पेपरच्या आतच आहे. बारावीच्या ८० गुणांच्या गणितात विभाग 'अ' ६५ गुणांचा आणि सर्वांना सक्तीचा. उरलेल्या १५ गुणांसाठी 'ब' किंवा 'क' यांतला एक घ्यायचा. 'ब'मध्ये व्हेक्टर, त्रिमितीय भूमिती आणि इंटिग्रेशन वापरून क्षेत्रफळ काढणं. 'क'मध्ये कॉमर्समधलं कॅल्क्युलस, लिनिअर रिग्रेशन आणि लिनिअर प्रोग्रॅमिंग. इंजिनिअरिंगला जायचं तर 'ब'. यात दुसरं मत नाही, कारण 'ब'मधले तिन्ही भाग जेईई मेनमध्ये आहेत. 'क' घेतलेल्याची पात्रता जात नाही, विषय 'गणित'च राहतो. पण त्याला ते भाग बाहेर शिकावे लागतात. अकरावीतही अशीच ब-कची विभागणी आहे, तेव्हा निवड अकरावीतच ठरते.

इथे जरा विषयांतर. 'क'मधलं लिनिअर प्रोग्रॅमिंग कॉमर्सवाल्यांचं म्हणून इंजिनिअर होणारी मुलं त्याकडे बघतही नाहीत. ०४१ मध्येही पाच गुणांचं म्हणून सोडून देतात. पण याच विषयात १९८४ साली जगभर गाजलेली नवी पद्धत काढली ती नरेंद्र करमरकर यांनी. जन्म आपल्या शेजारच्या ग्वाल्हेरचा, पदवी आयआयटी मुंबईची, तीही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची. त्या वेळी ते अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये होते. तेव्हा 'ब' घ्या, पण 'क'चं पुस्तक फेकू नका.

मध्य प्रदेश बोर्ड

इथे गोंधळ कमी. अकरावीत गणित समूह घेतला की फिजिक्स-केमिस्ट्री-गणित आलंच, आणि पुस्तकंही एनसीईआरटीचीच. फक्त बायोलॉजी समूहातल्या मुलांनी ध्यानात ठेवावं, की नंतर इंजिनिअरिंगकडे वळायचं झालं तर गणित वेगळं द्यावं लागेल. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या असतील तर अकरावीतच गणित अतिरिक्त विषय म्हणून मिळतं का, हे शाळेत विचारा. ओझं वाढतं. ते कोणाला झेपेल हे पालकांपेक्षा मुलाला जास्त कळतं.

"गणिताशिवाय इंजिनिअरिंग" या बातमीचं काय?

मार्च २०२१ मध्ये एआयसीटीईच्या नियमपुस्तिकेवरून अशा मथळ्यांच्या बातम्या आल्या आणि आमचे फोन वाजू लागले. बारावीत चौदा विषयांच्या यादीतले कोणतेही तीन चालतील, असं त्यात म्हटलं होतं. बरीच टीका झाली. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत शाखांप्रमाणे स्पष्टीकरण आलं : आर्किटेक्चर, फॅशन टेक्नॉलॉजी, पॅकेजिंग अशा मोजक्या अभ्यासक्रमांना मोकळीक, बायोटेक्नॉलॉजीसारख्या काहींना गणिताची सक्ती नाही, कॉम्प्युटर-इलेक्ट्रिकलला केमिस्ट्रीची सक्ती नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर यांना गणित लागतंच. आयआयटी-एनआयटींच्या जेईईतूनही गणित गेलेलं नाही. तेव्हा त्या मथळ्यावर विसंबून कोणी विषय सोडू नये.

कोणत्या शाखेला काय जास्त लागतं

आपल्या इंदूरची एसजीएसआयटीएस १९५२ सालची. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांतून एक तरी माणूस तिथून शिकून गेला आहे. त्यांच्याकडे पहिल्या वर्षाच्या वह्या अजून असतील तर मागून बघा. आजही पहिल्या वर्षाचं गणित साधारण त्याच वळणाचं आहे : टेलरची श्रेणी, पार्शल डिफरन्सिएशन, दुहेरी-तिहेरी इंटिग्रेशन, मॅट्रिक्सचे आयगेन मूल्य, डिफरन्शियल समीकरणं, फूरिए श्रेणी, व्हेक्टर कॅल्क्युलस. कॉलेज राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाचं असो की देवी अहिल्या विद्यापीठाचं आयईटी असो, यांतलं बरंचसं पहिल्या दोन सत्रांत येतं, आणि शाखा कोणतीही असली तरी चुकत नाही.

पुढे शाखा बदलते तसा भर बदलतो. सिव्हिल-मेकॅनिकलला व्हेक्टर आणि त्रिमितीय भूमिती हाताखालून जायला हवी. तुळईवरचं बल काढताना रोज तीच लागते. इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सला कॉम्प्लेक्स नंबर आणि त्रिकोणमिती, कारण एसी सर्किटचं सगळं गणित त्यातच मांडतात. अकरावीत "या काल्पनिक संख्येचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा. कॉम्प्युटरला सेट, रिलेशन, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता. डेटा सायन्सचं नाव ऐकून "मग अप्लाइडच बरं, त्यात संख्याशास्त्र आहे" असं एका काकूंनी आम्हाला ऐकवलं. मुद्दा चुकीचा नाही, पण डेटा सायन्समध्ये संख्याशास्त्राच्या खाली मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलसच असतं. ०४१ घेतलेल्या मुलाला संख्याशास्त्र नंतर शिकणं सोपं जातं; उलट्या दिशेने जायला फार कष्ट पडतात.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. त्यांचं पहिलं वर्ष वगळलं जातं, गणित वगळलं जात नाही. सुट्टीत पहिल्या वर्षाचं पुस्तक सोडवून मगच जावं.

ज्याला इंजिनिअर व्हायचं नाही त्याच्याबद्दल

एक गोष्ट आमच्याच पिढीला उद्देशून. मुलाला हिशेब, शेअर बाजार, अर्थशास्त्र आवडत असेल तर त्याला ०४१ मध्ये रेटून दोन वर्षं रडवू नका. अप्लाइड हे त्याच्यासाठीच आहे. आपल्याच गावात आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम २०११ पासून चालू आहे, आणि त्याला सायन्सचीच मुलं हवीत असं नाही. घरातले तिन्ही काका इंजिनिअर आहेत, म्हणून पुतण्यानेही व्हायलाच हवं का?

पुणे-नागपूरला किंवा परदेशात असणाऱ्यांसाठी

बदलीने महाराष्ट्रात गेलेल्या सभासदांनी पाहावं, की तिथल्या बोर्डात 'गणित व संख्याशास्त्र' या विषयाचे कला-विज्ञान आणि वाणिज्य असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. इंजिनिअरिंगला पहिला. तिथल्या एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुणांचे. साधारण २० टक्के भाग अकरावीचा, बाकी बारावीचा. इंदूरात राहून पुण्याच्या कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या मुलांना मात्र मुख्य आधार जेईई मेनचाच, कारण बाहेरच्या राज्यांसाठी असलेल्या अखिल भारतीय जागा प्रामुख्याने त्यावर भरतात.

इंग्लंडमधल्या नातवंडांबद्दल काही आजी-आजोबांनी विचारलं होतं. तिथे २०१७ पासून ए-लेव्हल गणितात मेकॅनिक्स आणि स्टॅटिस्टिक्स सगळ्यांनाच सक्तीचं झालं, निवड उरली ती 'फर्दर मॅथेमॅटिक्स'मध्ये. त्यात इंजिनिअरिंगसाठी फर्दर मेकॅनिक्स घ्यावं. कॉम्प्युटरकडे जाणाऱ्याला डिसिजन मॅथेमॅटिक्स आवडेल. पण हव्या त्या युनिव्हर्सिटीच्या पानावर फर्दर मॅथेमॅटिक्सची अपेक्षा आहे का ते आधी पाहावं, कारण काही शाळांत हा विषय शिकवायला शिक्षकच नसतो.

चूक झालीच असेल तर

अकरावीचे पहिले काही आठवडेच असतील तर लगेच शाळेत लेखी अर्ज द्या. पहिल्या चाचणीपूर्वी बदल करून देणं शाळेला सोपं असतं. अकरावी संपत आली असेल तर ऑफिसातल्या तोंडी आश्वासनावर राहू नका, बोर्डाचा नियम कागदावर मागा. बारावी होऊन गेली असेल तरी वाट बंद होत नाही : एनआयओएसमधून एकट्या विषयाची परीक्षा देता येते. फक्त ज्या कॉलेजात जायचं आहे त्यांना असं वेगळं दिलेलं गणित चालतं का, हे ईमेलने विचारून उत्तराचा प्रिंट जवळ ठेवा.

आणि परीक्षेचा फॉर्म भरून झाल्यावर शाळा तपासणीसाठी जी प्रत देते, तिच्यावर नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव आपण बारकाईने पाहतो. यंदा विषयाचा कोडही पाहा. दहावीला स्टँडर्ड असो की बारावीला इंजिनिअरिंगचं गणित, दोन्हीकडे ०४१ छापलेला हवा. २४१ दिसला तर सही न करता त्याच दिवशी शाळेत जा.